पेलेट सादळली की आकडे हलतात: द्राक्षदेठांच्या लेझर तपासणीत दर जूनला बिघडणारं कॅलिब्रेशन

दरवर्षी जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे सुरू होतं. एप्रिलमध्ये नीट बसवलेलं कॅलिब्रेशन, म्हणजे सिग्नलवरून प्रमाण काढायची रेषा, सगळ्या स्टँडर्डवर (प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या नमुन्यांवर) तपासून घेतलेलं, आणि अचानक देठांच्या नमुन्यांत पोटॅशियम कमी यायला लागतं. तोच नमुना आम्लात विरघळवून आयसीपीवर, म्हणजे द्रावणातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर लावला की आकडा वर. मग पुन्हा कॅलिब्रेशन. रेषा सरळ येते, आर-स्क्वेअर (रेषा बिंदूंना किती चपखल बसते त्याचा आकडा) ०.९९ च्या पुढे, जीव भांड्यात पडतो; दोन दिवसांनी परत तेच. नोव्हेंबर-डिसेंबरात मात्र तेच यंत्र, तीच माणसं आणि काहीही तक्रार नाही.

हे आमच्याकडे सलग दोन वर्षं झालं. तिसऱ्या वर्षी कारण हाती लागलं. वनस्पतींचे, खरं तर कुठलेही जैविक नमुने पेलेट, म्हणजे पुडीची घट्ट वडी, दाबून लिब्जवर, म्हणजे लेझर-प्रेरित ब्रेकडाउन स्पेक्ट्रोस्कोपीवर मोजणाऱ्या सगळ्यांना याचा उपयोग होईल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी कामाचं स्वरूप. द्राक्षबागेत एप्रिलच्या आसपास खरड छाटणी होते आणि साधारण ४५ दिवसांनी, सूक्ष्म घडनिर्मितीच्या वेळी, काडीवरच्या पाचव्या पानाचा देठ तपासणीला येतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ येतो. म्हणजे नमुन्यांचा पहिला लोंढा नेमका पावसाच्या तोंडावर आणि दुसरा कोरड्या हवेत. उत्तर या वेळापत्रकातच होतं. आम्ही मात्र ते लेझरच्या दिव्यात शोधत बसलो होतो.

देठ धुऊन, वाळवून, दळून त्याची पूड डायमध्ये दाबायची. आमची डाय १३ मिलिमीटरची, एका पेलेटला अर्धा ग्रॅम पूड. त्यावर १०६४ नॅनोमीटरच्या एनडी-याग लेझरचे फटके द्यायचे. प्रत्येक फटका काही मायक्रोग्रॅम पूड उडवतो, तिचा सुमारे दहा हजार केल्व्हिनचा प्लाझ्मा होतो आणि त्याच्या प्रकाशात प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरावीक तरंगलांबीला दिसणाऱ्या रेषांवरून कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम वाचायचं. आम्लं नाहीत, पचवण्याचा वेळ नाही, सकाळी आलेले नमुने संध्याकाळी हातावेगळे. पद्धत चांगली आहे, माझा तिच्यावर विश्वास आहे, आणि म्हणूनच तिची ही खोड नीट समजून घ्यायला हवी.

आकडे बिघडले की पहिली इच्छा होते ती पुन्हा कॅलिब्रेशन करण्याची. कृपा करून ते करू नका. नवीन कॅलिब्रेशन म्हणजे आजचा दोष रेषेच्या उतारात मुरवून टाकणं. उद्या दोष बदलला की कालचा उतारही खोटा ठरतो, आणि मूळ बिघाड कुठे होता याचा माग कायमचा पुसला जातो. आम्ही एका जुलैत चार वेळा कॅलिब्रेशन केलं. चारही रेषा कागदावर देखण्या होत्या.

त्याऐवजी काय हललं आहे ते आधी ठरवा: लेझर, स्पेक्ट्रोमीटर की पेलेट. त्यासाठी वेगळं उपकरण लागत नाही, रोजच्या स्पेक्ट्रममध्येच साक्षीदार बसलेले असतात.

कार्बनची २४७.८६ नॅनोमीटरची रेषा पहिली बघा. वनस्पतीच्या कोरड्या पुडीत कार्बन जवळपास ठरलेला असतो, ४५ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे स्टँडर्ड आणि नमुने दोन्हींत ही रेषा सारखीच खाली आली असेल, तर ऊर्जा कमी पडते आहे: भिंगावर उडालेली पूड बसली आहे, फ्लॅशलॅम्प थकला आहे, किंवा फोकस हलला आहे. भिंग पुसा, ऊर्जामापक लावा, सुरू केल्यावर लेझरला अर्धा तास तापू द्या. यातला बहुतेक त्रास इथेच संपतो.

दुसरी साक्ष मॅग्नेशियमची. २८०.२७ ची आयनी रेषा आणि २८५.२१ ची अणुरेषा, या दोन्हींच्या तीव्रतेचं गुणोत्तर प्लाझ्मा किती तापला आहे ते सांगतं. मॅग्नेशियम कमी-जास्त झालं तरी गुणोत्तर फारसं हलत नाही. प्लाझ्मा थंडावला की ते घसरतं. हा एक आकडा रोज वहीत लिहायला लागल्यापासून आमचा निम्मा गोंधळ मिटला.

फक्त आखूड तरंगलांबीच्या रेषा खाली गेल्या असतील, म्हणजे जस्ताची २१३.८६ किंवा फॉस्फरसची २१३.६२ पडली आणि पोटॅशियमची ७६६.४९ जागच्या जागी आहे, तर संशय ऑप्टिकल फायबरवर घ्या. तीव्र अतिनील प्रकाश सतत झेलून सिलिकाच्या फायबरमध्ये दोष तयार होतात, आणि ते दोष नेमका २१४ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश गिळतात. फायबर बदलून बघणं हाच त्यावरचा खात्रीचा तपास.

एखाद्याच मूलद्रव्याचा आकडा वेडावाकडा येत असेल तर पारा-आर्गॉनचा दिवा लावा. पाऱ्याच्या रेषा २५३.६५, ४३५.८३ आणि ५४६.०७ वर दिसायला हव्यात. रात्री एसी बंद आणि सकाळी खोली तापलेली, एवढ्या फरकानंही स्पेक्ट्रोमीटर किंचित सरकतो. सॉफ्टवेअरमधली मोजणीची खिडकी मात्र जुन्याच जागी असते, त्यामुळे शिखराचा एक खांदाच मोजला जातो. हा दोष दिसायला क्षुल्लक पण वाईट आहे, कारण सकाळची आणि दुपारची रीडिंग वेगळी येतात आणि दोष नमुन्याच्या माथी जातो.

द्राक्षासाठी एक खास इशारा. बागेत बोर्डो मिश्रण आणि इतर ताम्रयुक्त फवारे होतात. तांब्याची २१३.६० ची रेषा फॉस्फरसच्या २१३.६२ च्या इतकी जवळ आहे की साध्या स्पेक्ट्रोमीटरला ती वेगळी करता येत नाही. देठ नीट धुतला नसेल तर तांबं फॉस्फरसच्या नावावर जमा होतं. तांब्याची ३२४.७५ ची रेषा उंच दिसली की फॉस्फरसच्या आकड्यावर विसंबू नका, दुसऱ्या रेषेवर ताळा घ्या. मँकोझेबमध्ये तर मँगेनीज आणि जस्त दोन्ही असतात, त्याचे अंश राहिले तर ती दोन्ही खरोखरच जास्त दिसतात. तिथे यंत्राचा दोष नाही, ते देठाच्या आतलं नाही एवढंच. धूळ ओळखायची असेल तर सिलिकॉनची २८८.१६ बघा. लोहाबरोबर तीही वर गेली असेल तर तुम्ही बागेतली माती मोजता आहात.

आता मूळ दुखण्याकडे येते. वरची प्रत्येक तपासणी आम्ही केली होती. भिंग स्वच्छ, दिवा नवा, पाऱ्याच्या रेषा जागेवर. शिवाय रोज सकाळी तपासणीसाठी ठेवलेलं स्टँडर्ड अगदी बरोबर वाचलं जात होतं. स्टँडर्ड बरोबर आणि नमुने चूक, हे कोडं सुटत नव्हतं.

सोडवलं ते आमच्या प्रयोगशाळेत पेलेट दाबणाऱ्या काकांनी. दुपारी बाहेर धो-धो पाऊस चाललेला, ते ट्रे घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, या वड्या सादळल्यात. सकाळी दाबल्या तेव्हा खणखणीत होत्या, आता बोटाला पूड लागतेय."

मी एक पेलेट उचलली. कडेला अंगठा फिरवला तर पावसाळ्यातल्या उघड्या डब्यातल्या पापडासारखी मऊ. ओव्हनमधून दुसरी पेलेट काढून, डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणारी सिलिका जेल ठेवलेल्या बंद काचेच्या डब्यात गार करून, चार दशांशांच्या तराजूवर ठेवली आणि तराजूची दारं उघडी ठेवली. शेवटचा अंक स्थिर होईना. आधी वाटलं वाऱ्यामुळे. दारं लावली, तरी तो एक-एक करत वर चढतच राहिला. पेलेट आमच्या डोळ्यांदेखत हवेतलं पाणी पीत होती.

आणि स्टँडर्डच्या पेलेट? त्या महाग म्हणून जपून डेसिकेटरमध्ये ठेवलेल्या असायच्या. थेट तिथून यंत्रात. नमुने मात्र सकाळपासून उघड्या ट्रेमध्ये. म्हणजे कोरड्या स्टँडर्डवर बसवलेल्या रेषेनं आम्ही ओले नमुने मोजत होतो, आणि तपासणीचं स्टँडर्डही कोरडंच असल्यामुळे "सगळं ठीक" असा शिक्का रोज मिळत होता.

ओलावा दोन वाटांनी मारतो. एक सरळ आहे: वजनात पाणी वाढलं की प्रत्येक मूलद्रव्य त्या प्रमाणात विरळ होतं. कार्बनच्या रेषेनं भागलं की हा भाग बराचसा निघून जातो, कारण कार्बनही तितकाच विरळ झालेला असतो. दुसरी वाट भागाकारानं बुजत नाही. लेझरची काही ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात, ती फोडण्यात खर्ची पडते, प्लाझ्मा थंडावतो, पूड वेगळ्या प्रमाणात उडते. मग आयनी रेषा आणि अणुरेषा निरनिराळ्या प्रमाणात पडतात, आणि कुठलाही एकच भाजक सगळ्यांना पुरा पडत नाही. आमच्या वहीत मॅग्नेशियमचं ते गुणोत्तर नमुन्यांमध्ये घसरलेलं आणि स्टँडर्डमध्ये ताठ होतं. आम्ही ते फक्त स्टँडर्डसाठीच बघत होतो. ते प्रत्येक नमुन्यासाठी बघायला हवं. सोबत हायड्रोजनची ६५६.२८ ची रेषाही बघा. सादळलेल्या पेलेटमध्ये कार्बनच्या तुलनेत ती उठून दिसते.

फटक्यांच्या खुणाही बोलतात. कोरड्या, घट्ट पेलेटवर खळगा गोल पडतो, कडा स्वच्छ असते, आवाज कोरडा टक्-टक् येतो. सादळलेल्या पेलेटवर आवाज बसका होतो, खळग्याची कड फाटते आणि भोवती पुडीची रांगोळी पडते. ती पूड मग भिंगावर जाते आणि पुढच्या नमुन्यांचं नुकसान करते.

आता आम्ही जे करतो ते सांगते. पूड ७० अंशांवर रात्रभर वाळवायची, दाबायची, पेलेट पुन्हा ओव्हनमध्ये, मग डेसिकेटरमध्ये गार करायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्टँडर्ड, तपासणीची पेलेट आणि नमुने एकाच ट्रेमध्ये, एकाच वेळी, एकाच वाटेनं. स्टँडर्डला वेगळी वागणूक नाही. डेसिकेटरमधून एका वेळी दहाच पेलेट काढायच्या. सिलिका जेल निळी आहे ना ते रोज बघायचं. पावसाळ्यात ती बघता बघता गुलाबी पडते आणि मग तो नुसता काचेचा डबा उरतो. गुलाबी झाली की ओव्हनमध्ये भाजून घ्यायची.

एवढ्यानं मोठा घोळ मिटला, पण आयसीपीच्या आकड्याशी थोडं अंतर कोरड्या पेलेटमध्येही उरलं. त्याचं कारण दळण्यात आणि स्टँडर्डच्या जातीत आहे. यावर मला जास्त लिहायचं आहे, कारण हा दोष पावसाळ्यापुरता नाही, बारा महिने असतो.

आपण वापरतो ती प्रमाणित स्टँडर्ड बहुतेक पानांची आहेत. अमेरिकेच्या निस्ट संस्थेची सफरचंदाची पानं, क्रमांक १५१५. पीचची पानं, १५४७. पालक, १५७० ए. टोमॅटोची पानं, १५७३ ए. देठ म्हणजे पान नव्हे. देठ तंतुमय, चिवट. तो पानासारखा दळला जात नाही, पेलेट दाबली तरी तंतू स्प्रिंगसारखे मागे येतात आणि ती किंचित फुगते. पृष्ठभाग वर आला की फोकस बदलला, फोकस बदलला की प्लाझ्मा बदलला. ब्राझीलमध्ये पिरासिकाबा इथल्या संशोधकांनी उसाच्या पानांवर केलेल्या कामातही पुडीच्या कणांच्या आकाराचा मुद्दा ठळकपणे आला आहे. ज्यांच्याकडे द्रव नायट्रोजनवर चालणारी दळणी आहे त्यांनी देठांसाठी तीच वापरावी. नसेल तर बॉल मिलमध्ये जास्त वेळ दळा आणि सगळी पूड २०० मेशच्या, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा.

"सगळी" हा शब्द मुद्दाम वापरला आहे. चाळणीवर राहिलेले तंतू टाकून देण्याची सवय सर्रास दिसते. ते तंतू म्हणजे देठाचा एक वेगळाच भाग आहे, त्यांची घडण बारीक पुडीसारखी नाही. ते टाकलेत तर जे मोजाल ते त्या देठाचं नसेल. परत मिलमध्ये घाला, परत चाळा, चाळणी रिकामी होईपर्यंत. स्टीलची भांडी लोह आणि क्रोमियम सोडतात, तेव्हा ती मूलद्रव्यं हवी असतील तर झिरकोनियाची भांडी घ्या.

आता कॅल्शियमच्या कॅलिब्रेशन-रेषेबद्दल. वरची चारही स्टँडर्ड घेऊन कॅलिब्रेशन केलंत तर आर-स्क्वेअर सुंदर येतो. पण प्रमाणपत्रं उघडून बघा. सफरचंद, पीच आणि पालक या तिन्हींत कॅल्शियम दीड टक्क्याच्या आसपास, आणि टोमॅटोत पाच टक्क्यांच्या थोडं वर. म्हणजे ती चार बिंदूंची रेषा नाहीच. एका बाजूला तीन बिंदूंचा घोळका आणि दुसऱ्या टोकाला एकटा टोमॅटो. दोन ठिकाणांमधून सरळ रेषा नेहमीच जाते! मधल्या दोन-अडीच टक्क्यांवर ती वाकते की सरळ राहते, हे या चौघांपैकी कुणीच सांगू शकत नाही. टोमॅटो काढून रेषा पुन्हा बसवून बघा, उतार कुठल्या कुठे जातो.

पोटॅशियमचं दुखणं वेगळं. त्याची ७६६.४९ ची रेषा इतकी तीव्र आहे की प्लाझ्माचा बाहेरचा थंड थर ती स्वतःच शोषून घेतो. यालाच स्व-शोषण म्हणतात. याची परीक्षा सोपी आहे. ७६६.४९ आणि ७६९.९० या जोडीचं गुणोत्तर विरळ प्लाझ्मात दोनास एक असतं. ते दीडाकडे, एकाकडे सरकायला लागलं की समजा, वरच्या टोकाला कॅलिब्रेशनची रेषा सपाट झाली आहे आणि जास्त पोटॅशियमचे सगळे नमुने कमी वाचले जाणार. देठात पोटॅशियम पानापेक्षा चढं असू शकतं, म्हणून हा धोका इथे मोठा. ४०४.४ ची क्षीण रेषा वापरा. कॅल्शियमसाठी ३९३.३७ सोडून ३१५.८९ किंवा ३१७.९३ घ्या. सर्वांत उंच शिखर सर्वांत चांगलं असा आपला समज असतो, परिमाणात्मक कामात तो बहुधा नडतो.

या सगळ्यावरचा खरा इलाज म्हणजे घरचं देठ-स्टँडर्ड. आम्ही निरनिराळ्या बागांमधले, निरनिराळ्या पोषणस्थितीतले देठ जमवले, प्रत्येकाची भरपूर पूड एकदम केली, नीट मिसळून छोट्या बाटल्यांत भरली. मग प्रत्येकाचे अनेक भाग नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मायक्रोवेव्हवर पचवून आयसीपीवर मोजले, आणि त्याच फेरीत निस्टची पानंही पचवली, म्हणजे आयसीपीच्या आकड्यांनाही आधार राहिला. आता लिब्जची रेषा या देठांवर बसते. निस्टची पानं तपासणीला ठेवली आहेत. महागडं स्टँडर्ड पेलेट करून झिजवण्यापेक्षा ही वाट स्वस्तही पडते. कमीत कमी आठ-दहा देठ-स्टँडर्ड ठेवा आणि त्यांचं प्रमाण खालपासून वरपर्यंत पसरलेलं असू द्या. रेषा बसवताना एक-एक स्टँडर्ड बाजूला काढून उरलेल्यांवरून त्याचा आकडा काढून बघा. तो ताळा आर-स्क्वेअरपेक्षा कितीतरी प्रामाणिक असतो.

प्रमाणपत्रातले आकडे कोरड्या वजनावर दिलेले असतात, तेव्हा बाटलीतून काढून थेट पेलेट दाबू नका. प्रमाणपत्रातच वाळवण्याची पद्धत लिहिलेली असते, तीच वापरा. आणि एका पेलेटवर चार फटके मारून सरासरी काढू नका. एक फटका मायक्रोग्रॅम उडवतो, तेवढी पूड त्या देठाची प्रतिनिधी नसते. आम्ही वीस ते तीस जागा घेतो, प्रत्येक जागी दहा फटके. एकाच जागी ठोकत राहिलं की खळगा खोल होतो आणि सिग्नल उतरतो, म्हणून जागा बदलत राहायचं.

कारण सापडलं त्या दिवशी मागच्या दोन आठवड्यांचे अहवाल बाहेर गेलेले होते. पोटॅशियम कमी दाखवलेलं. पुडीची पाकिटं आम्ही हंगामभर ठेवतो, म्हणून पुन्हा मोजणं शक्य होतं, पण बागायतदारांना थांबवणं जास्त घाईचं होतं. अहवालावर पोटॅश कमी दिसलं की माणूस पोटॅश सोडतो, आणि गरज नसताना दिलेलं पोटॅश वेलीचं मॅग्नेशियम घेणं दाबतं. पानं कडेनं पिवळी पडायला लागेपर्यंत कुणाला कळतही नाही. यादी काढून बसलो आणि फोन लावायला घेतले. तासगावकडच्या एका बागायतदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, मग उद्या ड्रिपमधनं सोडायचं हाय ते थांबवू का?" त्यांना थांबायला सांगितलं. काकांनी त्यांचं पाकीट शोधून काढलं आणि त्या संध्याकाळच्या पहिल्या ट्रेमध्ये ते ओव्हनला लावलं.